शालेय समुपदेशक

माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांच्या अभ्यासातल्या, घरातल्या आणि मनातल्या अडचणी ऐकून घेऊन त्यांना शाळेत टिकवून धरण्याचे काम करणारी व्यक्ती. तिला शिकवायचे नसते, गुण द्यायचे नसतात आणि शिक्षाही करायची नसते. महाराष्ट्रात कागदोपत्री या पदाला ‘समुपदेशक’ म्हणतात. आवारात मात्र मुले ‘काउन्सेलर मॅडम’ म्हणतात, आणि एखाद्या स्वयंसेवी संस्थेकडून आलेली कार्यकर्ती असेल तर नुसतेच ‘ताई’. हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. मॅडमकडे मुलाला पाठवले जाते. ताईकडे ते आपणहून जाते.

पद नवे असले तरी कल्पना जुनी आहे. माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२–५३) शाळांत मार्गदर्शन-सेवा असावी असे सुचवले आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानला. मुंबईत त्याआधीच व्यवसाय-मार्गदर्शनाची खाजगी केंद्रे निघाली होती. पुढे सरकारची व्यवसाय मार्गदर्शन आणि निवड संस्था उभी राहिली. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्या मराठी घरांच्या ओळखीच्या केल्या. या सगळ्याचा रोख ‘दहावीनंतर काय’ या प्रश्नावर होता. मुलगा दहावीपर्यंत पोचेल, हे गृहीतच धरलेले होते.

ते गृहीत धरणे चुकीचे आहे. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीत पाऊल टाकले की ते छत्र संपते. बीजगणित आणि भूमिती वेगळी होतात, इंग्रजीचा पेपर अंगावर येतो आणि सातवी-आठवीत ज्याच्या वाचनाची उणीव झाकून गेली तो मुलगा पहिल्याच घटक चाचणीत उघडा पडतो. शंभर टक्के निकालाची पाटी लावायला आसुसलेल्या शाळा अशा मुलाला नववीतच थांबवतात, किंवा पालकांना गोड बोलून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवतात, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा. सतरा नंबर ही वाईट सोय नाही. शाळा सुटलेल्या कित्येकांना तिनेच दहावी करून दिले आहे. पण निकालाच्या टक्क्यासाठी पटावरचे नाव तिकडे सरकवणे ही निव्वळ लबाडी आहे. समुपदेशकाचे खरे वर्ष म्हणूनच नववीचे असते.

तिचे पहिले साधन हजेरीपट. नववी ‘ब’चा हजेरीपट महिनाअखेरीस आडवा वाचला, तर एखाद्या मुलाची गैरहजेरी दर बुधवारीच दिसते. वर्गशिक्षकांच्या लेखी तो ‘अनियमित’. बुधवार आठवडी बाजाराचा दिवस, आणि तो सकाळपासून बापाबरोबर भाजीच्या पालावर बसलेला असतो, हे कळायला एक फेरी पुरते. बापाला शाळेत बोलावले तर तो येत नाही. त्या दिवशीची रोजी बुडते आणि शाळेच्या ऑफिसची त्याला स्वतःच्या लहानपणापासून धास्ती असते. म्हणून समुपदेशकच बाजारात जाते, पावशेर मिरच्या घेते आणि माल उतरवून झाल्यावर पोराला दुसऱ्या तासापर्यंत तरी सोडायचे कबूल करून घेते. इकडे विज्ञान शिक्षकांना विनवून प्रात्यक्षिकाचा तास बुधवारवरून गुरुवारवर नेते. नोंदवहीत याला ‘गृहभेट’ असा रकाना असतो. बाजारभेटीला नसतो.

बीड आणि आसपासच्या ऊसतोड पट्ट्यात हजेरीपट वेगळी कथा सांगतो. दिवाळीच्या सुमारास आई-बाप तोडीला जातात ते उन्हाळा लागताना परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न घरात उरतोच. त्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ आणि मुकादमाची उचल, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. लग्न लावले की काळजीही मिटते आणि कोयताही वाढतो. नववी-दहावीची मुलगी दिवाळीआधी एकाएकी गप्प झाली, मैत्रिणींना वह्या वाटू लागली, तर जाणत्या समुपदेशकाच्या मनात पाल चुकचुकते. गावातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. कायदा तिच्या बाजूने असतो. पण ग्रामसेवकालाही त्याच गावात राहायचे असते, आणि फोन कोणी केला हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. त्यामुळे पुष्कळ जणी आधी मुलीची आजी किंवा मामा गाठतात. नाहीच जमले तर १०९८. बालकांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली आणि आज देशभर चालते.

या कामातला सर्वांत अवघड क्षण मात्र दिसायला अगदी साधा असतो. मधल्या सुट्टीत एक मुलगी दारात उभी राहते. ‘मॅडम, पोट दुखतंय.’ बसायला सांगितल्यावर ती ओढणीच्या टोकाला गाठ मारते, सोडते, पुन्हा मारते. मग म्हणते, ‘एक गोष्ट सांगू? पण कोणालाच सांगायची नाही हं.’ इथे ‘नाही सांगणार’ म्हणून टाकणे फार सोपे असते, आणि ते चूक असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायद्याच्या (पॉक्सो, २०१२) कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणून उत्तर असे द्यायचे : ‘तुझं बोलणं मी वर्गात, स्टाफरूममध्ये कुठेच नेणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, किंवा तूच स्वतःला काही करून घेशील असं मला वाटलं, तर मला गप्प बसता येणार नाही. कोणाला सांगायचं ते आधी तुलाच सांगेन.’ काही मुली हे ऐकून उठून जातात. बऱ्याचशा दोन-चार दिवसांनी परत येतात.

सरकारी चौकटीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री समिती’ आहे. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ती शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर नेमायची ठरली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आल्यावर तक्रारपेटी आणि सीसीटीव्हीबरोबर या समितीचीही सरकारने पुन्हा आठवण करून दिली. तक्रारपेटी अनेकदा मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर टांगलेली आढळते. तिथे उभे राहून चिठ्ठी टाकायची हिंमत कोणाला होणार?

शिकण्यातल्या अक्षमतांचे काम तुलनेने कमी नाट्याचे, पण निकाल लवकर दाखवणारे. तोंडी फाडफाड उत्तरे देणारा आणि पेपरात ‘पाऊस’ तीन प्रकारे लिहिणारा मुलगा आळशी नसतो, हे शिक्षकांना पटवणे हा त्याचा निम्मा भाग. उरलेला निम्मा कागदपत्रांचा : ठरावीक सरकारी रुग्णालयातली तपासणी, प्रमाणपत्र आणि मंडळाकडे वेळेत अर्ज. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सोयी मिळतात. पण प्रमाणपत्राची धावपळ दहावीत सुरू केली तर तपासणीची तारीख मिळेपर्यंत अर्जाची मुदत उलटते. म्हणजे इथेही पुन्हा नववीच.

करिअर-मार्गदर्शनाचा भाग पालकांना सर्वांत जवळचा. मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेचा ‘वेध’ हा उपक्रम १९९०च्या दशकापासून त्यासाठी सभागृहे भरवत आला आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. ‘गणवेशधारी सेवा’ असे निष्कर्ष छापलेला कागद मुलाच्या हातात पडला, पण तो समोर बसून वाचून दाखवणारे माणूस प्रत्येक शाळेत नव्हते. घरी त्या कागदाचे काय झाले असेल याचा अंदाज करता येतो : ‘सायन्सच घ्यायचं.’

मग हे काम कोण करते? अनुदानित मराठी शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिक्षक, लिपिक, शिपाई अशी पदे बसतात. समुपदेशक सहसा बसत नाही. त्यामुळे एखाद्या मनमिळाऊ बाईंना ‘तुम्हीच बघा जरा’ म्हणून जबाबदारी दिली जाते, किंवा संस्था मानधनावर कोणी आणते. सीबीएसईच्या संलग्नता नियमांनी (२०१८) पूर्णवेळ समुपदेशक मागितला, नववी ते बारावीत ३०० हून कमी विद्यार्थी असल्यास अर्धवेळ चालेल अशी मुभा ठेवून. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेत एक समुपदेशक अनेक शाळा सांभाळतो. लहान शाळांसाठी ही वाट व्यवहार्य वाटते.

शिक्षकानेच हे काम करावे की वेगळे माणूस हवे, यावर स्टाफरूममध्ये वाद घालण्यापेक्षा गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात केलेला ‘सेहर’ हा प्रयोग पाहावा. सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांपैकी काहींत प्रशिक्षण दिलेला, पण पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेला ‘मित्र’ नेमला. काहींत तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे दिले. ‘मित्र’ असलेल्या शाळांचे वातावरण स्पष्ट सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक पडला नाही. कारण ओळखायला संशोधन लागत नाही. सकाळी गृहपाठावरून उभे करणाऱ्या सरांकडे दुपारी रडायला कोण जाईल?

तरीही समुपदेशक नेमली की पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती ‘ऑफ तास’ येतात. रजेवरच्या शिक्षकांचा वर्ग सांभाळायचा, पर्यवेक्षण करायचे, स्नेहसंमेलनात निवेदन करायचे. वर्गाला ‘गप्प बसा’ म्हणून ओरडल्यानंतर त्याच वर्गातले मूल तिच्या खोलीत यायला कचरते, हे व्यवस्थापनाला सांगून पाहिलेल्या बहुतेकींना ‘सगळेच करतात’ हे उत्तर मिळालेले असते. खोली म्हणजेही प्रयोगशाळेशेजारची अडगळ, जिच्या एका कोपऱ्यात सांगाडा आणि नकाशे. ते चालते. दार बंद होते का, आणि आत शिरणारे मूल स्टाफरूममधून दिसते का, एवढेच पाहायचे असते.

मानधनावरची नेमणूक बहुधा वर्षाची असते. एप्रिलअखेर करार संपतो आणि जूनमध्ये त्या खोलीत नवा चेहरा असतो, किंवा कुलूप. आतल्या कपाटात वर्षभराच्या नोंदवह्या आहेत : बाजारचा बुधवार, ओढणीची गाठ, न झालेले एक लग्न. किल्ली जाताना कोणाच्या हाती द्यायची, हे बऱ्याच शाळांत ठरलेले नसते.