गुणधर्माधारित कूटलेखनातील किल्लीच्या गैरवापरास प्रतिबंध

गुणधर्माधारित कूटलेखनात (एन्क्रिप्शन) संदेश कोणा एकाच्या नावे नव्हे, तर ‘हृदयरोग विभाग आणि डॉक्टर, किंवा लेखापरीक्षक’ अशा अटीवर बंद केला जातो. ही अट पुरी करणारे गुणधर्म ज्याच्या खाजगी किल्लीत असतील, त्याला तो उलगडता येतो. त्या विभागातील सर्व डॉक्टरांच्या किल्ल्या हा संदेश सारख्याच उलगडतात. त्यामुळे एखाद्याने आपली किल्ली विकली, तर ती कोणाची हे सांगणे कठीण होते.

पद्धतीचा उगम बहुधा अमित सहाय व ब्रेंट वॉटर्स यांच्या २००५ च्या निबंधात धरला जातो. त्याची पूर्वावृत्ती २००४ मध्येच उपलब्ध होती. त्यातील अट म्हणजे केवळ जुळणाऱ्या गुणधर्मांची किमान संख्या होती. ‘आणि–किंवा’ अशा सर्वसाधारण अटी गोयल, पांडे, सहाय व वॉटर्स यांनी २००६ मध्ये आणल्या, म्हणून तेथून आरंभ मानता येईल. परंतु संज्ञा २००५ च्या निबंधात आलेली असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

अडचणीचे मूळ बेथेनकोर्ट, सहाय व वॉटर्स यांच्या २००७ च्या रचनेत स्पष्ट दिसते. तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या किल्लीचे सर्व घटक एकाच यादृच्छिक संख्येने बांधलेले असतात. दोघांनी आपापले घटक एकत्र केले तरी संख्या वेगळ्या असल्याने ते जुळत नाहीत. संगनमत असे रोखले जाते. ही संख्या किल्लीवरची खूण ठरावी, पण तसे होत नाही. याच रचनेत किल्लीधारकाला आपल्या गुणधर्मांच्या उपसंचासाठी, म्हणजे हवे तर सगळ्याच गुणधर्मांसाठी, नवी किल्ली काढून देण्याची सोय आहे. त्या वेळी नवी यादृच्छिक संख्या मिसळते आणि जुनी खूण पुसली जाते. नवी किल्ली प्राधिकरणाने (किल्ल्या देणाऱ्या संस्थेने) थेट दिलेल्या किल्लीच्या तोडीची असते.

यावर हिनेक व सहकाऱ्यांनी (२००८) धाकाचा मार्ग सुचविला: किल्ली दुसऱ्याला दिल्यास देणाऱ्याची काही वैयक्तिक माहितीही उघड व्हावी. मात्र त्यासाठी संदेश उलगडताना विश्वासू सर्व्हरकडून टोकन घ्यावे लागते. लिऊ, काओ व वाँग यांनी २०१३ मध्ये बोने–बॉयेन या डिजिटल स्वाक्षरीच्या (अस्सलपणाची गणिती खूण) धर्तीवर किल्लीतच ओळखसंख्या गुंफली. ती बदलणे म्हणजे स्वाक्षरी बनावट करण्यासारखेच. संख्या व व्यक्ती यांची यादी प्राधिकरणाला सांभाळावी लागे. पुढे निंग व सहकाऱ्यांनी शमीर यांच्या गुपित-वाटप (गुपिताचे भाग करून ठेवण्याच्या) पद्धतीने ती टाळली.

हा माग किल्ली उघडी हाती लागली तरच काढता येतो. विक्रेता ती एखाद्या उपकरणात दडवून विकू शकतो, म्हणून उपकरणाला केवळ कूटसंदेश देऊन आतला अपराधी ओळखणे हीच खरी कसोटी म्हणावी लागेल. या अंगाची परंपरा शोर, फिआत व नाओर यांच्या १९९४ च्या ‘फितूर-शोधा’पर्यंत जाते. लिऊ, काओ व वाँग यांनी २०१३ मध्येच ही क्षमताही साधली, पण त्यापायी कूटसंदेशाच्या आकारात होणारी वाढ वापरकर्त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते: १०,००० वापरकर्त्यांसाठी सुमारे १०० च्या पटीत.

किल्ल्या देणारे प्राधिकरणच अप्रामाणिक निघाले तर काय, हा प्रश्न गोयल यांनी २००७ मध्ये ओळखाधारित कूटलेखनाच्या (जेथे व्यक्तीची ओळख, उदा. ईमेल पत्ता, हीच सार्वजनिक किल्ली असते) संदर्भात मांडला. तेथे वापरकर्ता आपली किल्ली अशा रीतीने मिळवतो की तिचे नेमके रूप प्राधिकरणाला कळत नाही. त्याच ओळखीची दुसऱ्या रूपाची किल्ली बाहेर सापडली, तर संशय प्राधिकरणावर येतो.