हात बसलेली स्विफ्ट आणि तिचा नवा शेप

मे २०२४ मध्ये मारुती सुझुकीने स्विफ्टची चौथी पिढी भारतात विक्रीला आणली. जुन्या स्विफ्टवर दहा-बारा वर्षांत ज्यांचा पक्का हात बसलेला आहे, त्यांना या गाडीत पहिला फरक जाणवतो तो गाडी सुरू करून जागेवरच उभी असताना. गिअरच्या दांडीवर हलकी थरथर येते आणि इंजिनाचा आवाज ओळखीचा वाटत नाही, कारण बॉनेटखाली आता चारऐवजी तीन सिलिंडर आहेत. दिवे, डॅशबोर्ड, पुढचा स्क्रीन यांची सवय आठवड्याभरात होते. इंजिनाची व्हायला वेळ लागतो, आणि त्या काळात जुनी गाडीच बरी होती असे मनात येत राहते. ही तक्रार मला अगदी समजते. पण स्विफ्टचा वीस वर्षांचा प्रवास पाहिला, तर चालकाच्या हातापायाला जाणवलेले बहुतेक मोठे बदल कराच्या, इंधनाच्या, धुराच्या किंवा सुरक्षेच्या कोणत्या ना कोणत्या नियमाशी जोडलेले दिसतात. तो धागा माहीत असला की नव्या गाडीकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणून हे सविस्तर सांगत आहे.

स्विफ्ट हे नाव भारतात २००५ मध्ये आले, तरी सुझुकीकडे ते जुने होते. १९८३ च्या सुझुकी कल्टस या गाडीला अनेक देशांत स्विफ्ट म्हणूनच विकले जाई. त्याच कल्टसच्या घराण्यातली डिकीवाली गाडी आपल्याकडे १९९० मध्ये मारुती १००० म्हणून आणि १९९४ मध्ये एस्टीम म्हणून आली. म्हणजे स्विफ्टचे नातलग आपल्या रस्त्यांवर आधीपासून होते, फक्त नाव वेगळे होते. २००२ च्या पॅरिस मोटर शोमध्ये सुझुकीने एक प्रायोगिक गाडी मांडली आणि तिच्यातून आकाराला आलेली नवी स्विफ्ट मे २००५ मध्ये भारतात दाखल झाली.

तोवर आपल्याकडे छोटी गाडी म्हणजे ८००, अल्टो, झेन, वॅगन आर किंवा सँट्रो. स्विफ्ट त्यांच्यापेक्षा रुंद आणि जड होती, आणि तिचे सस्पेन्शन युरोपातल्या रस्त्यांचा विचार करून बसवलेले असल्याने थोडे कडक होते. मागच्या सीटवर पाय आखडून बसावे लागे, डिकी लहान होती, मागच्या काचेतून फारसे दिसत नसे. तरीही महामार्गावर शंभरच्या वेगाला ती जशी रस्त्याला चिकटून चाले, तसा अनुभव या किमतीच्या गाडीत तोवर मिळालेला नव्हता. एस्टीमच्याच घराण्यातले १,२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन तिला होते. ज्यांनी ही पहिल्या शेपची स्विफ्ट चालवली, त्यांच्या मनात स्विफ्टचे मोजमाप तिथेच ठरले आणि पुढची प्रत्येक पिढी त्या मापाने जोखली गेली.

गाडी येऊन वर्षही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० सीसीपर्यंत असेल, तर अबकारी कर २४ ऐवजी १६ टक्के लागणार होता. स्विफ्टची लांबी या मर्यादेत सहज बसत होती. तिचे पेट्रोल इंजिन मात्र शंभरएक सीसीने बाहेर राहिले. २०१० मध्ये मोठ्या शहरांत भारत स्टेज ४ हे धुराचे निकष लागू झाले, त्याच सुमारास कंपनीने जुने इंजिन काढून १,१९७ सीसीचे के मालिकेतले इंजिन बसवले. ताकद ८७ वरून ८५ अश्वशक्ती झाली. आकड्यांत हा फरक किरकोळ आहे, पण जुन्या इंजिनावर हात बसलेल्यांना तो लगेच कळला आणि 'पिकअप गेला' ही तक्रार तेव्हाही ऐकू आली. हे इंजिन मऊ चालणारे आणि जास्त ॲव्हरेज देणारे होते, आणि पुढे याच इंजिनाला लोकांनी स्विफ्टचे खरे इंजिन मानले. आज ज्याची आठवण काढली जाते तेदेखील एके काळी परके वाटले होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

डिझेलची कथा महाराष्ट्राच्या जास्त जवळची आहे. जानेवारी २००७ मध्ये स्विफ्टला फियाटच्या परवान्याने बनवलेले १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन मिळाले. कराच्या व्याख्येत ते चपखल बसत होते. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचे नियंत्रण उठवले, तर डिझेलवरचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत राहिले. त्यामुळे दोन्ही इंधनांच्या दरांत मोठी तफावत पडली आणि डिझेल स्विफ्टला मागणी इतकी वाढली की कंपनीचे स्वतःचे इंजिन उत्पादन कमी पडू लागले. २०१२ च्या जानेवारीत मारुती आणि फियाट यांच्यात करार झाला आणि पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने मारुतीला देण्याचे ठरले. तिथे बनणारे हेच इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही होते. त्यामुळे या इंजिनाची नस ओळखणारे फिटर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर काम करत तयार झाले.

या डिझेलने चालवण्याची रीतच बदलली. इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण दोन हजारांच्या खाली असताना टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब भरत नाही, म्हणून गाडी सुस्त वाटते. दोन हजारांच्या वर ती एकदम झेपावते. कशेडी किंवा आंबा घाटात पुढे ट्रक असताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून वाट पाहणारा नवखा चालक गोंधळून जाई. सरावलेला चालक वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाके, इंजिन त्या पट्ट्यात ठेवी आणि मग गाडी भरलेली असली तरी चढ सहज ओढी. वाहन विकत घेतल्यावर पहिले तीन-चार महिने हीच शिकवणी चाले. एकदा ही लय अंगवळणी पडली की पेट्रोल गाडी मिळमिळीत वाटू लागे, आणि डिझेल स्विफ्टवाल्यांचा तिच्यावर इतका जीव का, याचे कारण मला या कमावलेल्या लयीतच दिसते.

दुसरी पिढी ऑगस्ट २०११ मध्ये आली, आणि तिच्याशी जुळवून घेणे सर्वांत सोपे गेले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,३९० मिलिमीटरवरून २,४३० झाले, मागे पाय ठेवायला थोडी जागा मिळाली, आणि बाह्यरूप मुद्दाम जुन्यासारखेच ठेवलेले असल्याने दुरून पाहणाऱ्याला पटकन फरकही कळत नसे. त्या वर्षी मानेसरच्या कारखान्यात कामगारांचा मोठा संघर्ष चालू असल्याने गाडी हाती पडायलाच अनेकांना महिनोन्महिने थांबावे लागले, एवढाच त्या काळाचा त्रास.

तिसऱ्या पिढीने मात्र भावना दुखावल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती बाजारात आली, तेव्हा नव्या सांगाड्यामुळे पेट्रोल गाडीचे वजन ८५ किलोंपर्यंत कमी झाले होते. दार लावताना येणारा आवाज हलका झाला, आणि 'पत्रा पातळ केला' असे जो तो म्हणू लागला. वजन आणि मजबुती यांचे नाते इतके सरळ नसते. जास्त ताणशक्तीचे पोलाद योग्य जागी वापरले तर कमी वजनातही सांगाडा बळकट करता येतो, आणि दाराच्या आवाजावरून अपघातातले वागणे ठरत नाही. पण लोकांची शंका अगदीच निराधार नव्हती. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला पाचपैकी शून्य तारे मिळाले होते, आणि या तिसऱ्या पिढीला २०१८ मध्ये दोन तारे मिळाले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना समोरासमोरच्या धडकेची चाचणी सक्तीची झाली होती, २०१९ मध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग प्रत्येक गाडीत आली. जीव वाचवणाऱ्या या गोष्टी कायद्याने सक्तीच्या होईपर्यंत स्वस्त आवृत्त्यांना मिळाल्या नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

याच पिढीत मागच्या दाराची मूठ दारावरून उचलून काचेच्या मागे, खांबापाशी नेली होती. दिसायला गाडी दोन दारांची वाटावी हा हेतू. पण लहान मुलांचा हात तिथवर पोहोचत नसे आणि वयस्कर माणसे दारापाशी उभी राहून मूठ शोधत राहत. २०२४ च्या गाडीत ती पुन्हा दारावर आली. क्लचचे पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी एएमटीदेखील स्विफ्टला याच पिढीत मिळाली, आणि डाव्या पायाला स्वस्थ बसायला शिकवणे हा अनेकांसाठी नवा धडा ठरला.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला त्या निकषांत बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीला पेलणारा नसल्याने डिझेल स्विफ्ट बंद झाली. त्या जागी पुढे २०२२ मध्ये कंपनीची सीएनजी आवृत्ती आली, जिच्या गॅसच्या टाकीने डिकीचा मोठा भाग व्यापला. पेट्रोलमध्ये २०२१ साली ९० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे सुधारित इंजिन मिळाले. भारतातल्या स्विफ्टचे ते शेवटचे चार सिलिंडरचे इंजिन ठरले.

कारण तोवर आणखी एक नियम लागू झाला होता. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांचे मिळून कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सरासरी किती असावे याची मर्यादा २०१७ पासून किलोमीटरला साधारण १३० ग्रॅम होती, ती एप्रिल २०२२ पासून साधारण ११३ ग्रॅमवर आली. सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत मोडणाऱ्या स्विफ्टचे ॲव्हरेज वाढवले की संपूर्ण सरासरी खाली येते. एक सिलिंडर कमी केला की घासणारे भाग कमी होतात आणि इंजिन हलके होते. नव्या १,१९७ सीसीच्या इंजिनाची ताकद ८२ अश्वशक्तीच्या आसपास आहे, आणि कंपनीच्या चाचणीतले ॲव्हरेज मॅन्युअलला लिटरमागे २४.८ आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर.

थरथरीचे कारणही यातच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) दर १८० अंश फिरला की एक स्फोट होतो, तीनमध्ये तो दर २४० अंशांनी होतो. धक्क्यांमधले अंतर वाढल्याने सावकाश फेऱ्यांना ते हाताला जाणवतात. उलट याच रचनेमुळे कमी फेऱ्यांत गाडी बरी ओढते, म्हणून शहरात गिअर लवकर वर टाकावा. जुन्या इंजिनासारखे ते वरपर्यंत ताणायला गेले की आवाज वाढतो आणि हाती फारसे काही येत नाही. वडील पिढीतल्या ज्यांनी गाडी चालवणे मारुती ८०० वर शिकले, त्यांना हा ताल नवा वाटत नाही, कारण १९८३ च्या त्या ७९६ सीसीच्या इंजिनालाही तीनच सिलिंडर होते.