शुष्कभूमीतील वृक्षांची काष्ठरचना

कमी आणि बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशांत वाढणाऱ्या वृक्षांच्या लाकडातील पेशींचे प्रकार व त्यांची मांडणी. दख्खनच्या पर्जन्यछायेतील बाभूळ व अंजन, राजस्थानातील खेजडी (शमी), आफ्रिकेतील गोरखचिंच ही अशा वृक्षांची परिचित उदाहरणे. त्यांच्या लाकडाला बुंधा उभा ठेवणे, पाणी शेंड्यापर्यंत पोचवणे आणि अडीअडचणीसाठी अन्न साठवणे ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. लागोपाठच्या दुष्काळांत झाड तगेल की वाळेल, हे बऱ्याच अंशी या कामांची वाटणी कशी झाली आहे यावर अवलंबून असते.

सालीच्या आत पेशींचा एक पातळ, सतत विभाजन पावणारा थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. तो आतल्या बाजूला प्रकाष्ठ म्हणजे लाकूड तयार करतो. बाभळीच्या ओंडक्याचा आडवा छेद धारदार पात्याने तासून दहापट भिंगाखाली धरला की ही रचना दिसू लागते. बारीक छिद्रे म्हणजे पाणी वाहणाऱ्या वाहिन्यांची तोंडे. प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडे असते. ते मृदूतकाचे, म्हणजे पिष्ट साठवणाऱ्या जिवंत पेशींचे. ही कडी कुठे कुठे दोन्ही बाजूंना पसरून शेजारच्या कड्याला भिडतात. केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा म्हणजे किरण, आणि मधला गडद, घट्ट भाग जाड भित्तींच्या तंतूंचा. जुन्या गाभ्यात काही छिद्रे डिंकासारख्या गडद पदार्थाने बुजलेली आढळतात.

वाहिन्यांतले पाणी खालून ढकलले जात नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे ते वर ओढले जाते. म्हणून पाण्याचा स्तंभ ताणाखाली, म्हणजे ऋण दाबाखाली असतो. जमीन कोरडी पडत जाते तसा ताण वाढतो आणि हवेने भरलेल्या शेजारच्या वाहिनीतून, भित्तीवरील खाचांच्या पटलातून, हवा आत खेचली जाते. बुडबुडा फुगला की स्तंभ तुटतो व ती वाहिनी निकामी होते. अशा पुरेशा वाहिन्या गेल्या की मुळांशी थोडेफार पाणी असूनही शेंडा वाळतो. शेतकरी ज्याला झाड ‘वरून वाळत येणे’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

वाहिनीची रुंदी येथे कळीची ठरते. व्यास दुप्पट झाला तर तेवढ्याच दाबफरकाने वाहणारे पाणी सोळापट होते. पण रुंद वाहिन्यांत हवा शिरण्याचा धोका सहसा जास्त असतो. अमेरिकी काष्ठशास्त्रज्ञ शेर्विन कार्लक्विस्ट यांनी १९७७ मध्ये वाहिन्यांचा सरासरी व्यास आणि दर चौरस मिलिमीटरमधील त्यांची संख्या यांचे गुणोत्तर मांडले. कोरड्या प्रदेशांत हे गुणोत्तर लहान, म्हणजे वाहिन्या अरुंद व पुष्कळ, असे चित्र त्यातून रूढ झाले. मेक्सिकोतील मार्क ओल्सन व सहकाऱ्यांनी त्याला महत्त्वाची पुरवणी जोडली: वाहिन्यांची रुंदी मुख्यतः झाडाच्या उंचीनुसार ठरते आणि रखरखीत प्रदेशांत झाडे मुळातच बुटकी असतात. उंची ध्यानात न घेता केलेल्या तुलना त्यामुळे फसव्या ठरू शकतात. जुन्या अहवालांतील ‘कोरडवाहू लाकूड’ व ‘ओलसर लाकूड’ अशी सरळ वर्गवारी जपूनच वाचावी लागते.

पाण्याचे वहन निम्म्यावर येते तो दाब मोजून वृक्षांची दुष्काळसहनशीलता ताडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅलिट्रिस ट्युबरक्युलाटा या सूचिपर्णी वृक्षात तो ऋण १८·८ मेगापास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे १८५ पट, भरला. असे वृक्ष विरळाच. जगभरातील ८१ ठिकाणच्या २२६ जातींचे आकडे २०१२ मध्ये एकत्र अभ्यासले गेले, तेव्हा सुमारे ७० टक्के जाती धोक्याच्या रेषेच्या अगदी जवळ राहून जगत असल्याचे दिसले. पावसाळी वनांतल्या आणि कोरड्या वनांतल्याही. कोरड्या रानातले झाड काटक असते म्हणून ते आणखी दुष्काळ सोसेल, हा समज त्यामुळे टिकत नाही.

ताण सोसण्याऐवजी टाळणारे वृक्षही आहेत. साग कोरड्या ऋतूत पाने झाडतो आणि नव्या वाढीच्या सुरुवातीला डोळ्यांनी दिसतील इतक्या रुंद वाहिन्यांचे कडे बनवतो. गोरखचिंचेचे लाकूड बहुतांशी मृदूतकाचे, पाण्याने भरलेले व हलके असते. दुष्काळात हे झाड पोटातले पाणी पिऊन जगते असे सर्रास सांगितले जाते. मादागास्करमधील जातींच्या अभ्यासात मात्र ते पाणी प्रामुख्याने पावसाआधी फुटणाऱ्या नव्या पालवीसाठी वापरले जात असल्याचे दिसले. इतक्या मऊ लाकडाचा अजस्र बुंधा उभा राहतो तोही या पेशींतील पाण्याच्या फुगवट्यावर.

संवर्धनाशी या साऱ्याचा पहिला संबंध लाकडाच्या घनतेतून येतो. खानदेशातील अंजनाचे लाकूड भारतातील सर्वांत जड लाकडांपैकी आहे, तर त्याच रानात वाढणाऱ्या सालईचे हलके. घेर व उंची सारखी असली तरी दोघांतील कर्बाचा साठा खूप वेगळा असतो. तंतूंच्या जाड भित्ती बनवायला झाडाला वेळ लागतो, म्हणून अंजनाचे तुटलेले रान जलद वाढणाऱ्या जाती लावून भरून निघत नाही. लावलेल्या रोपांची संख्या हेच यशाचे माप मानणाऱ्या वृक्षारोपण योजनांत हा फरक कुठेच उमटत नाही.

कोकणात खैराची चोरटी तोड होते ती कातासाठी, आणि कात निघतो तो लालसर गाभ्यातून. गाभा धरायला वर्षे लागतात, म्हणून कुऱ्हाड नेमकी बी देणाऱ्या मोठ्या झाडांवर पडते.

डिंक व राळ देणाऱ्या वृक्षांत प्रश्न सालीचा आहे. इथिओपियातील बॉस्वेलिया पॅपिरिफेरा या धूपवृक्षाच्या अंतर्सालीत राळनलिकांचे एकमेकींना जोडलेले जाळे असते, हे २०१३ मध्ये सविस्तर दाखवले गेले. कमी जखमांत तेवढीच राळ कशी मिळवता येईल याचा विचार त्यावरून करता येतो. निकड मोठी आहे. नवी रोपे जवळजवळ टिकतच नसल्याने या जातीचे राळ-उत्पादन वीस वर्षांत निम्म्यावर येईल, असे अनुमान २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कच्छ-राजस्थानातील गुग्गुळही खोल व वारंवार चिरा दिल्याने मरतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे.

चोरट्या मालाची ओळख पटवण्यासाठी देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील काष्ठसंग्रहासारखे संदर्भसंग्रह लागतात. आंध्रच्या कोरड्या डोंगरांतील रक्तचंदन साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि त्याचे साठे न्हावा शेवा बंदरातही वेळोवेळी पकडले गेले आहेत. सूक्ष्मदर्शकाने बहुधा प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोचता येते; जात ठरवताना तो अडतो. आफ्रिकेतील टेरोकार्पस टिंक्टोरियसचे लाकूड रक्तचंदनाशी इतके मिळते की रासायनिक किंवा डीएनए चाचणीची जोड द्यावी लागते. २०१९ मध्ये तीही जात त्याच परिशिष्टात घेतली गेली.

झाडाचे वय व जुने दुष्काळ यांचा पुरावा लाकडातील वाढीच्या वलयांतून मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केरळातील सागाच्या वलयांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची नोंद उभी केली आणि तीत मोसमी पावसाच्या दुष्काळांच्या खुणा शोधल्या. बाभळीसारख्यांत मात्र वलयांच्या सीमा पुसट असतात, अवकाळी पावसाने खोटी वलयेही पडतात. गोरखचिंचेचे वय तर रेडिओकार्बन पद्धतीनेच काढतात. घेर पाहून तिला हजारो वर्षांची ठरवणाऱ्या पाट्या त्या कसोटीला लावलेल्या नसतात.