पोलादही थकतं: वेल्डिंग मशीनचा बॉल स्क्रू बदलताना

मिग वेल्डिंगच्या एसपीएमची (एकाच कामासाठी बनवलेल्या मशीनची) कॅरेज, म्हणजे वेल्डिंगची टॉर्च वाहून नेणारा सरकता भाग, खडखडायला लागली की शॉपवर पहिला सल्ला ठरलेला असतो: "बॉल झिजलेत, नवे भरून घ्या." भोसरीत जा, चाकणला जा, नाहीतर वाळूजला. मागोमाग ग्रीस गन येते. या सल्ल्यामागची समजूत साधी आहे: लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून झिजतं. जुन्या पद्धतीच्या, नट थेट आट्यांवर घासणाऱ्या लीड स्क्रूला ती लागू पडते. बॉल स्क्रूचं मरण वेगळं असतं, आणि ते समजून न घेता नवा पार्ट बसवला तर तोही लवकरच त्याच वाटेने जातो.

बॉल स्क्रूत मोटर एक लांब स्क्रू फिरवते आणि त्यावरचा नट टॉर्चची कॅरेज घेऊन सरकतो. नट आणि स्क्रू एकमेकांना टेकतच नाहीत. दोघांच्या खाचांमधून पोलादी बॉल लोळत जातात आणि रिटर्न ट्यूबमधून पुन्हा सुरुवातीला येतात. म्हणून मोटरने दिलेल्या ऊर्जेपैकी 90 टक्क्यांच्या आसपास कामी येते. घासणाऱ्या स्क्रूत बरेचदा निम्मीही येत नाही. कॅरेज ज्या एलएम गाइडवर (सरळ रेल आणि तिच्यावर सरकणारा ब्लॉक) धावते, तिच्या ब्लॉकमध्येही असेच बॉल फिरत असतात. घासणं जवळजवळ नाहीच. मग हे भाग जातात कशाने?

याचं गणित 1881 साली हाइनरिश हर्ट्झने मांडलं. रेडिओलहरी प्रयोगाने दाखवणारा तोच हर्ट्झ. तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. काचेची भिंगं एकमेकांवर दाबली की किती चेपतात, या प्रश्नापासून त्याने सुरुवात केली. भूमितीत गोल पृष्ठभागाला एका बिंदूत टेकतो. बिंदूचं क्षेत्रफळ शून्य, म्हणजे दाब अनंत व्हायला हवा. प्रत्यक्षात दोन्हीकडचं पोलाद किंचित चेपतं आणि इवलासा लंबगोल ठसा तयार होतो. भार काही शे न्यूटनचाच असला तरी ठसा इतका लहान, की तिथला दाब 2 गिगापास्कलपर्यंत सहज जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या 20 हजार पट. साधं माइल्ड स्टील 250 मेगापास्कलच्या आसपासच नमतं. खाच टिकते ती एक तर हार्डनिंगमुळे (पोलाद तापवून, थंड करून कठीण केल्यामुळे), आणि दुसरं कारण मला फार सुंदर वाटतं.

पोलाद नमतं ते त्याचे थर एकमेकांवरून सरकू लागतात तेव्हा, आणि थर सरकवायला वेगवेगळ्या दिशांच्या दाबांत फरक लागतो. ठशाच्या मध्यावर वरून प्रचंड दाब असतो, पण भोवतालचं पोलादही कडेने जवळजवळ तितकंच दाबत असतं. फरक थोडा, म्हणून सरकवणारा ताणही थोडा. खाली जाल तसा कडेचा दाब झपाट्याने ओसरतो, वरचा मात्र सावकाश. दोघांतला फरक वाढत जातो आणि गोल ठशात त्रिज्येच्या साधारण निम्म्या खोलीवर तो कमाल होतो. बॉल स्क्रूत ही खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. पोलादाचे सर्वाधिक हाल होतात ते तिथे, चकचकीत पृष्ठभागाच्या आत.

प्रत्येक बॉल वरून गेला की त्या खोलीवरचा ताण एकदा चढतो आणि उतरतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे, फक्त कोट्यवधी वेळा. पोलादात ॲल्युमिनाचा एखादा सूक्ष्म कण अडकलेला असेल तर तडा तिथून सुरू होतो, वर येतो आणि एक दिवस खाचेचा पापुद्रा निघतो. शॉपवर यालाच पिटिंग म्हणतात. तडा खाचेच्या पोटात असताना बॉल बदलून काय साधणार? उलट नवे बॉल दोन-चार मायक्रॉनने मोठे निघाले तर प्रीलोड (नट आणि स्क्रूत मुद्दाम ठेवलेला दाब) वाढतो आणि थकवा आणखी लवकर येतो.

किती लवकर, हे स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी 1947 मध्ये सूत्रात बसवलं. बॉलवर चालणाऱ्या भागाचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. 15 किलोन्यूटन क्षमतेच्या, 10 मिलिमीटर लीडच्या (एका फेऱ्यात नट तेवढा सरकवणाऱ्या) स्क्रूवर दीड किलोन्यूटन भार असेल तर आयुष्य 100 कोटी फेरे, म्हणजे 10,000 किलोमीटर. भार दुप्पट केला की उरतात 1,250. हा हिशेबही शंभरातले नव्वद स्क्रू जिथवर टिकतात तिथवरचा आहे. उरलेले दहा त्याआधीच जातात.

वेल्डिंग मशीनवर मात्र फार थोडे स्क्रू म्हातारे होऊन मरतात. स्पॅटरचे, म्हणजे वेल्डिंगमधून उडणाऱ्या धातूचे, वितळलेले थेंब रेलवर चिकटतात, वायपर सील (कचरा बाहेर ठेवणारी पट्टी) फाडतात, आणि बॉल ते कण खाचेत दाबत जातात. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवणाऱ्या चौकटीची) अर्थिंग केबल ढिली असली की वेल्डिंगच्या दोन-अडीचशे अँपिअरमधला काही करंट ब्लॉकमधून रेलकडे वाट काढतो. बॉल आणि खाच यांच्यात ग्रीसमधल्या तेलाचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो भेदून ठिणगी पडते आणि पोलाद तेवढ्यापुरतं वितळतं. म्हणून काढलेला पार्ट भंगारात टाकण्याआधी भिंगाखाली बघाच. भार येणाऱ्या बाजूलाच पापुद्रे असतील तर थकवा. वेडेवाकडे ठसे आणि ओरखडे असतील तर स्पॅटर. राखाडी, निस्तेज पट्टा किंवा समान अंतरावरच्या आडव्या रेघा दिसल्या तर करंटचा संशय पक्का.

खंडेनवमीला मशीनची पूजा मनापासून करावी, पण हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी रेलपासून लांब ठेवावं. सारखा स्क्रू जात असेल तर मशीनला कुणाची नजर लागलेली नसते. लिंबू-मिरची बांधायच्या वेळात अर्थ क्लॅम्प तपासून होतो. 'मेंटेनन्स-फ्री' या जाहिरातीवरही विसंबू नका. ती भाषा स्वच्छ हवेतल्या यंत्रांसाठी आहे.

बदलताना स्क्रू आणि नट जोडीनेच बदलावेत. नट स्क्रूवरून नुसता ओढून काढू नये, बॉल सांडतात; आट्यांच्या तळाइतक्या व्यासाची नळी टोकाला लावून त्यावर सरकवावा. एलएम रेल बसवण्याआधी बेडवर तेलदगड फिरवून बारीक उंचवटे काढावेत. मास्टर रेल (दोनपैकी जिला प्रमाण धरायचं ती) आधाराच्या कडेला दाबून टॉर्क रेंचने आवळावी, आणि दुसरी तिला समांतर, डायल गेज लावून. कपलिंग सुटलं की होम पोझिशन (मशीनची मोजणीची सुरुवात) हलते, म्हणून टॉर्चचे सगळे पॉइंट पुन्हा टच-अप करावे, म्हणजे जुळवून घ्यावे लागतात. 1.2 मिलिमीटर वायरला अर्ध्या मिलिमीटरची चूकही जॉइंट चुकवायला पुरते. बीड (वेल्डची पट्टी) वरून छान दिसला तरी पहिला जॉब आडवा कापावा, पॉलिश करून नायटल (वेल्डची हद्द उठून दाखवणारं नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावावं आणि वेल्ड मुळापर्यंत उतरलाय का ते पाहावं.