हौशी रेडिओ क्लब (इंदूर–महू परिसर)

हौशी रेडिओ क्लब : छंद म्हणून बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलणारे परवानाधारक हौशी, म्हणजे ‘हॅम’, आणि परवान्याच्या तयारीत असलेले श्रोते यांची स्थानिक संघटना. परवाना व्यक्तिशः मिळतो, प्रक्षेपणाचे केंद्र ज्याच्या त्याच्या घरात असते आणि कॉलसाइन, म्हणजे केंद्राची अक्षर-अंकी ओळख, हीही एकट्याची असते. तरीही क्लबाशिवाय हा छंद फार काळ तगत नाही. परीक्षा पुस्तकावरून पास होता येते. पण गच्चीवर तार कुठून कुठे ताणायची, दोघांचे बोलणे चालू असताना मध्ये कधी शिरायचे, हे कोणीतरी शेजारी बसूनच शिकवावे लागते. हे शिकवणे हेच क्लबाचे मुख्य काम. नवा परवानाधारक क्लबाच्या सहवासात आला नाही, तर त्याचा परवाना बहुधा कपाटातच राहतो.

इंदूरकरांना या विषयात घरचा वारसा आहे. शहरापासून सुमारे २५ किमीवरच्या महूला लष्कराचे संदेशवहन शिकवणारे स्कूल ऑफ सिग्नल्स होते. तिथेच १९४८ साली ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने हौशींची प्रक्षेपण यंत्रे जमा करून घेतली होती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशभरात जेमतेम ५० हॅम होते, आणि त्यांतले थोडेच प्रत्यक्ष प्रक्षेपण करत होते. त्यांना एकत्र आणण्याचे काम या छावणीच्या गावाने केले. पुढे संस्थेचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि १९५४ मध्ये तिचे नाव ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ झाले. महूची ओळख सांगताना आंबेडकरांचे जन्मस्थान आणि लष्करी छावणी यांच्या जोडीने ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे.

क्लबाचे सभासद होण्यासाठी परवाना लागत नाही. शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर नुसते ऐकणारे, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, शाळकरी मुले, निवृत्त तंत्रज्ञ असे सगळे येऊ शकतात. मात्र प्रक्षेपण करायचे तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी वय किमान १२ वर्षे हवे. रेडिओचे तंत्र आणि नियम असे तिचे दोन भाग. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक भाषा, लागत नाही, कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होते आणि शक्तीची मर्यादा कमी असते. ‘जनरल’ श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यावे आणि पाठवावे लागते. तिचे कॉलसाइन व्हीयू२ चे. मोर्सचा सराव एकट्याने कंटाळवाणा होतो, क्लबात चारजण मिळून केला तर लवकर कानात बसतो.

दैनंदिन व्यवहाराचा कणा म्हणजे ‘नेट’ : ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी हजेरी. नेट कंट्रोल एकेकाला पुकारतो, तो नाव, गाव आणि सिग्नलचा रिपोर्ट देतो. ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटर लहरलांबीचा बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) इंदूरला विशेष लाभतो. सुमारे ३५० किमीवरचे नाशिक, त्याहून थोडे लांबचे नागपूर आणि ५०० किमीच्या आसपासचे पुणे ही सगळी दिवसा याच बँडच्या टप्प्यात येतात. भल्या पहाटे मात्र चमत्कार दिसतो : परदेशी केंद्रे खणखणीत ऐकू येतात आणि पुणे गायब असते. रात्रभरात आयनांबर, म्हणजे लहरी खाली परतवणारा वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, विरळ झालेले असते. सरळ वर गेलेली लहर परतत नाही, तिरपी गेलेली दूर जाऊन उतरते. सूर्य वर आला की जवळची गावे एकेक करून उमटू लागतात. दुपारी खालचा थर लहरी शोषतो, म्हणून आवाज मंदावतात. नेट बहुधा हिंदी-इंग्रजीत चालते. पण दोन मराठी केंद्रे समोरासमोर आली की गप्पा आपसूक मराठीत वळतात. नियमांनी साध्या भाषेची अट घातली आहे, अमुक एका भाषेची नाही. व्यापार, राजकारण आणि गाणी मात्र वर्ज्य.

यासाठी लागणारा अँटेना घरी होतो. मेगाहर्ट्झने १४३ ला भागले की अर्ध्या लहरीच्या डायपोलची, म्हणजे मध्यभागी केबल जोडलेल्या दोन सारख्या तारांच्या अँटेनाची, मीटरमधली लांबी मिळते, ७.१ साठी ती सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. मधला बिंदू टाकीजवळच्या खांबावर चढवून दोन्ही टोके कठड्याकडे उतरवली की उलटा ‘व्ही’ तयार. तो कमी उंचीवर असला तरी चालते, उलट शे-पाचशे किमीच्या गप्पांसाठी तेच बरे. तार कापायला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) पाहायला सभासद एकमेकांच्या गच्चीवर जातात. पावसाळ्यात विजांचा कडकडाट ऐकू येऊ लागला की केबल सेटपासून काढून ठेवायची, हा पहिला धडा. दिवाळीत एलईडी माळांचे स्वस्त पॉवर सप्लाय बँडवर इतका गोंगाट करतात की क्षीण केंद्रे बुडून जातात. यंत्रे घरी जुळवणारेही असतात. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेल्या ‘बिटेक्स’ने भारतीय हौशींना स्वस्तात स्वतःचा ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणारा सेट, बांधण्याची वाट दाखवली.

‘फील्ड डे’ला केंद्र घराबाहेर, बॅटरीवर चालवायचे असते. त्यासाठी महूजवळचा जानापाव उत्तम : चंबळेच्या उगमाचा हा डोंगर माळव्याच्या पठारावर असा उभा आहे की हातातल्या पाच वॅटच्या सेटवरूनही इंदूर गाठता यावे. या दिवसाचा उपयोग आपत्तीत कळतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २६ जानेवारी २००१ चा कच्छचा, दोन्ही वेळी दूरध्वनी कोलमडले आणि हॅमनी निरोप पोहोचवले. अशा वेळी यंत्रापेक्षा शिस्त मोठी ठरते : निरोप जसाच्या तसा लिहून घेणे, गावांची नावे अक्षरागणिक सांगणे, वेळ नोंदवणे, आणि आपली पाळी नसताना गप्प राहणे. ही सवय दर आठवड्याच्या हजेरीतूनच लागते. उज्जैनच्या सिंहस्थासारख्या गर्दीत मोबाइलचे जाळे तुंबू शकते, म्हणून या भागात असा तयार संच हाताशी असणे अगत्याचे आहे.

याखेरीज लपवलेला ट्रान्समीटर दिशादर्शक अँटेनाने शोधण्याचा ‘फॉक्स हंट’, ऑक्टोबरात स्काउटांसाठीची जांबोरी, म्हणजे रेडिओवरचा मेळावा, झालेल्या संपर्काची पोच देणाऱ्या क्यूएसएल कार्डांची देवघेव आणि १४५.८०० मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाचे सिग्नल ऐकणे हे उपक्रम चालतात. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ २०१४ पर्यंत हौशींच्या सेवेत होता.

सभासद वारला की त्याला ‘साइलेंट की’, म्हणजे मूक झालेली मोर्सची कळ, म्हणतात. प्रक्षेपण यंत्र परवान्याशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे मागे राहिलेल्या सेटचे काय करायचे हे घरच्यांना उमगत नाही. क्लबातले जाणकार मग घरी जाऊन यंत्रांची यादी करतात, अँटेना उतरवतात आणि रीतसर कागद करून ती परवानाधारकाकडे, शक्यतो सेट घेण्याची ऐपत नसलेल्या नव्या सभासदाकडे सोपवतात.