मानवी पेशीतील विकरे आणि एचआयव्हीची प्रथिने

एचआयव्ही या विषाणूची प्रथिने आणि तो ज्या मानवी पेशीत शिरतो तिची विकरे, म्हणजेच रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने (एंझाइमे), यांच्यातील परस्परक्रिया. विषाणूचा जनुकसंच सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइडांचा आणि जनुके ९. त्यांतून साधारण १५ प्रथिने बनतात. त्यांपैकी विकर म्हणावीत अशी तीनच : रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (विषाणूच्या आरएनएवरून डीएनए विणणारे), इंटिग्रेज (तो डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवणारे) आणि प्रोटिएज (प्रथिने कापणारे). बाकीचे काम यजमान पेशीच्या विकरांकडून करवून घ्यावे लागते आणि जी विकरे आड येतात त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

परिभाषेबद्दल थोडे. ‘विकर’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळला, दवाखान्यात नाही. नाशिकला म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे (स्थापना १९९८). त्याच्या अभ्यासक्रमातून शिकून निघालेले डॉक्टर मराठीत बोलतानाही ‘एंझाइम’च म्हणतात. जुन्या लेखनात पेशीला ‘कोशिका’ म्हणत. येथे ‘पेशी’ हाच शब्द ठेवला आहे. शब्द कोणताही घेतला तरी वस्तू नाशिककरांच्या रोजच्या ओळखीची आहे. कापून ठेवलेल्या द्राक्षाचा गर तांबूस पडतो तो पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. वाइनरीत रस चांगला सुटावा म्हणून घालतात ते पेक्टिनेज हेही विकरच. जुळणारा रेणू समोर आला की विकर आपली क्रिया करते. तो रेणू घरचा की परका हे त्याला कळत नाही. एचआयव्हीचे निम्मे काम या आंधळेपणावर भागते.

उपयोगी पडणारी विकरे : फ्युरिन हे ठळक उदाहरण. विषाणूचे बाह्य प्रथिन जीपी१६० अखंड स्थितीत निरुपयोगी असते. पेशीच्या गॉल्जी पिंडातून जाताना त्याचे जीपी१२० आणि जीपी४१ असे दोन तुकडे व्हावे लागतात. ही काटछाट फ्युरिन करते, असे १९९२ मध्ये दाखवले गेले. फ्युरिन नसलेल्या पेशींतही ती काही प्रमाणात होते, त्यामुळे त्याच कुळातील इतर प्रोटिएजांचाही वाटा धरावा लागतो. (कोविडच्या साथीत फ्युरिनचे नाव वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले, एचआयव्हीच्या अभ्यासकांना ते त्याआधी जवळजवळ तीस वर्षे माहीत होते.) विषाणूचा सांगाडा बनवणाऱ्या गॅग प्रथिनाच्या टोकाला मिरिस्टिक आम्ल जोडून त्याला पेशीपटलाशी चिकटते करण्याचे काम एन-मिरिस्टॉइल ट्रान्सफरेज करते. विषाणूचे टॅट हे प्रथिन सीडीके९ या कायनेजला (फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला) त्याच्या जोडीदार प्रथिनासह, म्हणजे सायक्लिन टी१ सह, ओढून आणते आणि अडखळलेले आरएनए-लेखन पुढे चालू करते. उंदराच्या सायक्लिन टी१ मध्ये २६१ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन असते. तेवढ्या फरकाने तेथे टॅटचे फारसे चालत नाही.

विरोधी विकरे व व्हिफ : या विषयाचा सर्वाधिक अभ्यासलेला भाग हाच. व्हिफ हे विषाणूचे सुमारे १९२ ॲमिनो आम्लांचे छोटे प्रथिन नसेल, तर काही पेशींतून बाहेर पडलेला विषाणू पुढच्या पेशीत वाढू शकत नाही, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. २००२ मध्ये ॲन शीही, मायकेल मेलिम व सहकाऱ्यांनी या पेशींतील अडथळा शोधला. तोच पुढे एपोबेक-३जी या नावाने ओळखला गेला. हे विकर नव्या विषाणुकणात शिरून बसते. प्रत्येक कणात सरासरी सातेक रेणू असले तरी पुरतात.

त्याचे काम जवळून पाहण्याजोगे आहे. जनुकांची संहिता ए, सी, जी, टी (आरएनएत टीऐवजी यू) या अक्षरांत लिहिलेली असते आणि तीन अक्षरांचे त्रिक एक ॲमिनो आम्ल सांगते. विषाणूच्या संहितेत टीजीजी हे त्रिक ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लासाठी असते. आधी विणल्या जाणाऱ्या डीएनए धाग्यावर त्याच्यासमोर सीसीए येते. एपोबेक-३जी त्यातल्या मधल्या सीचा अमिनो गट काढते आणि सीचा यू होतो. त्यावरून दुसरा धागा विणला जातो तेव्हा जीच्या जागी ए बसतो आणि टीजीजीचे टीएजी होते. टीएजी म्हणजे ‘येथे थांबा’. असे घाव जनुकसंचभर पडले की विषाणूची संहिता वाचता येते, पण तीतून धड प्रथिन बनत नाही.

हा अडथळा नेमका कशामुळे, यावर मतभेद झाले. क्रियाशून्य केलेले एपोबेकही विषाणूला रोखते, असे २००५ च्या सुमारास मांडले गेले. पुढे विकराचे प्रमाण पेशीत नैसर्गिकरीत्या असते तेवढेच ठेवून प्रयोग झाले, तेव्हा हा परिणाम बराच ओसरला. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या वाटेत नुसते बसून राहण्याचाही काही वाटा असावा; तरी संहिता बिघडवणे हे मुख्य कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्हिफ स्वतः एपोबेकला तोडत नाही, कारण ते विकर नव्हे. ते एका मानवी विकराला दुसऱ्या मानवी विकरावर घालते. क्युलिन-५, इलाँगिन-बी व इलाँगिन-सी यांचे युबिक्विटिन लायगेज संकुल, म्हणजे मोडायच्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण चढवणारे विकर, पेशीत असतेच. व्हिफ एका हाताने ते धरते, दुसऱ्या हाताने एपोबेक, हे २००३ मध्ये कळले. मग एपोबेकवर युबिक्विटिनची साखळी चढते आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र, त्याचा भुगा करतो. या जुळणीला सीबीएफ-बीटा हे आणखी एक मानवी प्रथिन लागते, हे २०११-१२ मध्ये कळले. एपोबेक आणि व्हिफ यांच्या मध्ये आरएनएचा तुकडा डिंकासारखा काम करतो, असे २०२३ च्या संरचनांवरून दिसते. मानवी एपोबेक-३जीमध्ये १२८ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल आहे, आफ्रिकी हिरव्या माकडात लायसीन; एवढ्याने एचआयव्हीच्या व्हिफला माकडाचे विकर ओळखू येत नाही.

उगम व कालनिर्णय : ही लढत किती जुनी, यावर आकडे जुळत नाहीत. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत, एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२. एचआयव्ही-१ च्या मुख्य गटाच्या सामाईक पूर्वजाचा काळ २००० मधील अंदाजाने १९३१ च्या आसपास होता. २००८ मधील अंदाजाने तो १९०८ च्या सुमारास, १८८४ ते १९२४ या मर्यादेत गेला. दुसरा अंदाज आता अधिक ग्राह्य धरतात. माकडांतील पूर्वज विषाणूंचे वय मात्र वादात आहे. आण्विक घड्याळावरचे, म्हणजे जनुकांतील बदलांच्या वेगावरून काढलेले, सुरुवातीचे अंदाज शतकांत किंवा फार तर काही सहस्रकांत होते. पश्चिम आफ्रिकेजवळच्या बायोको बेटावरील माकडे मुख्य भूमीपासून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तुटली; त्यांच्या विषाणूंवरून २०१० मध्ये किमान ३२,००० वर्षे हा आकडा आला. एपोबेकच्या जनुकातले बदल पाहणाऱ्यांनी तर ५०-६० लाख वर्षे सुचवली. यजमानाच्या जनुकावरचा वण सहसा पुसला जात नाही, म्हणून हे तिसरे मत दुर्लक्षिण्यासारखे नाही. मात्र तो वण याच कुळातील विषाणूंनी उमटवला हे त्यात गृहीत धरलेले आहे.

याच्याशी जोडलेला प्रश्न सॅमएचडी१ या विकराचा. ते पेशीतील डीएनएचा कच्चा माल मोडून विषाणूची उपासमार करते. एचआयव्ही-२ कडे त्यावर व्हीपीएक्स हे प्रथिन आहे (हे २०११ मध्ये कळले), एचआयव्ही-१ कडे नाही. चिंपांझीत दोन माकडविषाणूंचा संकर झाला तेव्हा व्हीपीएक्सचे जनुक गळाले आणि त्या फेरजुळणीत व्हिफला नवे रूप मिळाले, असे मानतात. भारतात मुख्यतः एचआयव्ही-१ चा सी उपप्रकार आढळतो; एचआयव्ही-२ पश्चिम भारतात थोडा आहे आणि त्यावर नेव्हिरापिन, इफाविरेंझ ही औषधे चालत नाहीत.

औषधे : विकरांशी संबंध येथेही सुटत नाही. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात मिळणाऱ्या ‘टीएलडी’ गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर असतात. लॅमिव्हुडिन गिळताना निष्क्रिय असते. पेशीतील डीऑक्सिसायटिडिन कायनेज त्यावर पहिला फॉस्फेट चढवते, पुढचे दोन इतर कायनेजे चढवतात, तेव्हा कुठे ते रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवते. डोल्युटेग्रॅव्हिर विषाणूच्या इंटिग्रेजवर काम करते, पण त्याचा निचरा यकृतातील यूजीटी१ए१ हे विकर करते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हेच विकर वाढवते आणि औषध लवकर संपते. म्हणून क्षयाचे उपचार चालू असलेल्याला टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी देतात. रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती सुमारे दोन आठवडे चालू ठेवतात, कारण वाढलेले विकर पूर्वपदावर यायला तेवढे दिवस लागतात.