सायकसच्या नावांचा गुंता: पार्श्वभूमी

सायकस गटातल्या, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या पण शंकू धरणाऱ्या झाडांची नावे सारखी का बदलतात? मागे जात राहिले की थेट पहिल्या नावातच चूक सापडते. 'कोइकास' हा एका ताडासाठीचा ग्रीक शब्द. प्राचीन ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसच्या ग्रंथाच्या नकला होताना तो 'कायकास' असा उतरला आणि त्यावरून सायकस आले. याच गटातल्या झॅमियाचे नावही रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथातला एक शब्द चुकीचा वाचल्याने पडले.

वनस्पतींच्या नामकरणाची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये सायकस सर्किनॅलिस ही जाती नोंदवली ती ताडांच्या रांगेत. आधार होता जुन्या ग्रंथांचा: 'हॉर्टस मलबारिकस'च्या तिसऱ्या खंडातले मलबारचे 'तोड्डा पन्ना' आणि रम्फियसने इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून वर्णन केलेले झाड. दोन्ही एकाच नावाखाली गेली. १८३९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेलने सायकस रम्फी वेगळी काढली, तरी सवय सुटली नाही. भारतापासून पॅसिफिकपर्यंत दिसेल त्या उंच सायकसला सर्किनॅलिस म्हटले जाई.

याची खरी किंमत पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर दिसली. तिथल्या चामोरो लोकांमधल्या मज्जासंस्थेच्या गंभीर आजाराशी सायकसच्या बियांच्या पिठाचा संबंध आहे का, हे दुसऱ्या महायुद्धानंतर तपासले जाऊ लागले. कित्येक शोधनिबंधांत झाडाचे नाव सर्किनॅलिस असेच छापले गेले. ग्वामचे झाड निराळे आहे हे सांगून केन हिल यांनी १९९४ मध्ये त्याला सायकस मायक्रोनेसिका हे नाव दिले. खरी सर्किनॅलिस भारतातली, मुख्यतः पश्चिम घाटातली. म्हणून जुना निबंध वाचताना आधी झाड कुठले ते पाहावे लागते.

चुका इतक्या का झाल्या, हे याच गटातल्या स्टँगेरियावरून कळते. तिच्या पर्णिकेत (संयुक्त पानाच्या एका छोट्या भागात) मधल्या शिरेपासून बाजूच्या शिरा फाटे फुटत कडेकडे जातात, हुबेहूब नेच्यासारख्या. हाती फक्त पाने असलेल्या कुंझे यांनी १८३० च्या दशकात तिला नेच्यांच्या लोमारिया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घातले. पुढे विल्यम स्टँगर यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नातालहून पाठवलेल्या झाडाला इंग्लंडमध्ये शंकू आला, तेव्हा गफलत उघड झाली. १८५३ मध्ये स्टँगेरिया ही नवी प्रजाती जाहीर झाली. या गटात नर आणि मादी झाडे वेगळी, शंकू वर्षानुवर्षे न येणारे आणि पाने इतकी मोठी की अखंड पान संग्रहाच्या कागदावर मावत नाही. मला वाटते, निम्मे वाद इथेच जन्मले.

उरलेले वाद दृष्टीचे. कॅरिबियन बेटांवरच्या सगळ्या झॅमिया एकच जाती आहेत, असे एकनवॉल्डर यांनी १९८० मध्ये मांडले. स्टीव्हनसन यांनी १९८७ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या केल्या. पुढे २०११ च्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की सायकस गटाचा वंश प्राचीन असला तरी आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे १.२ कोटी वर्षांतल्या आहेत. इतक्या जवळच्या भावंडांमध्ये ठाम रेघ मारणे अवघडच.

नाव बदलले की कायदाही हलतो. कोलंबियातल्या काही झाडांच्या पर्णिकांना ठळक मधली शीर असते, म्हणून स्टीव्हनसन यांनी १९९० मध्ये चिग्वा ही प्रजाती केली. वन्यजीव व्यापारावरच्या सायटिस कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात ती गेली. २००९ मध्ये लिंडस्ट्रॉम यांनी ती झॅमियात विलीन केली. मग परिशिष्टात चिग्वाऐवजी झॅमिया रेस्ट्रेपॉय हे नाव घालावे लागले, नाहीतर हे झाड इतर झॅमियांबरोबर सैल नियमांखाली आले असते.